सरावाचा हात

परदेशातल्या कितीतरी हॉस्पिटलांत आज ज्या नर्सना पहिल्या सुईतच शीर सापडते, त्या माझ्या डाव्या हातावर शिकलेल्या आहेत. याबद्दल माझा सत्कार करावा असं अजून कुणालाही सुचलेलं नाही.

बायको सरकारी नर्सिंग कॉलेजात शिकवायची, मी शेजारच्याच सरकारी हॉस्पिटलात वायरमन. कॉलेजातल्या सरावाच्या रबरी हाताची सुया खाऊन खाऊन चाळणी झाली होती. नवा मागितला की साहेब म्हणायचे, "बजेट नाही." मग ही दर रविवारी मुलींना घरी आणायची आणि मला म्हणायची, "अहो, हात द्या." हिच्यापुढे ब्र काढायची माझी कधी टाप नव्हती. मी बाही वर करून बसायचो.

मुली हुशार. शीर सापडायला लागली की परीक्षा द्यायच्या आणि भुर्रकन उडायच्या. निकाल लागायच्या आधीच टायवाला दारात हजर. हा परदेशी हॉस्पिटलांचा एजंट, भर उन्हाळ्यातही गळ्यातला टाय सैल करायचा नाही. आपण सरकारी खर्चानं शिकवायचं आणि यानं तयार माल उचलायचा, असा सरळ व्यवहार. निरोप समारंभात मोठे साहेब भाषण ठोकायचे, "आपल्या मुली साऱ्या जगाची सेवा करतायत." त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून वॉर्ड दिसायचा. तिथे पेशंटचे नातेवाईक सलाईनच्या बाटल्या हातात धरून उभे असायचे.

गावाचं मात्र सोनं झालं म्हणे. तिकडून पैसे आले, घरांवर मजले चढले, आणि जो तो आपल्या मुलीला नर्सिंगलाच घालू लागला. त्या मजल्यांवर राहायला उरले म्हातारे आईबाप. ते आजारी पडले की त्याच वॉर्डात येणार, जातात कुठे?

मला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त माझी बायको घरी हवी होती. तिनं कबूलही केलं होतं, "माझ्या जागी शिकवणारी एक तयार झाली की सोडते नोकरी." पण जिला तयार करावं, तिला टायवाला घेऊन जायचा. शेवटी मीच डोकं लढवलं. "जिला कुणी नेणार नाही अशी एखादी बघ ना," म्हटलं.

तशी एक होती. आम्ही तिला धडपडी म्हणायचो. ट्रे पाडायची, बाटल्यांची अदलाबदल करायची, माझा हात तर तिनं पार काळानिळा करून सोडला. ही तिच्या मागे हात धुऊन लागली. वेळ लागला, पण पोरगी वर्गावर उभी राहून शिकवायला लागली. टायवाल्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी मनातल्या मनात पेढे... जाऊ दे, खूश झालो एवढंच.

मग टायवाला आमच्या घरी आला. "मॅडम, त्या मुलीला जी बाई शिकवू शकते, ती कुणालाही शिकवेल," तो म्हणाला. "तिकडे शिकवायलाच माणूस नाही. चला तुम्ही."

हिनं माझ्याकडे पाहिलं. "जाऊ का हो?"

ही नाही म्हणणार याची मला इतकी खात्री, की मी ऐटीत म्हटलं, "जा की."

ती गेली.

परवा जुलाबांनी मी पार आडवा झालो. वॉर्डात मुलींवर लक्ष ठेवायला धडपडी एकटीच, ती कुठे कुठे पुरणार? सुई घेऊन आली पहिल्या वर्षाची एक पोर. तिनं टोचलं, शीर सरकली. पुन्हा टोचलं, पुन्हा सरकली. ही शीर ज्यांना तोंडपाठ, त्या सगळ्या सातासमुद्रापार. शेवटी मी बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

"मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला बघ," ती पोरीला म्हणाली. "कातडी ताणून धर. घाई करू नकोस."

सुई बसली. मला रडू आलं, आणि ते काही सुईमुळे नव्हतं. किती दिवसांनी तिचा आवाज इतक्या जवळून ऐकत होतो. वाटलं, आता विचारेल, कसं वाटतंय.

"अहो, हात जरा वर धरा," ती म्हणाली. "माझ्या मुली बघतायत."

तिनं फोन फिरवला. स्वच्छ, मोठा वर्ग. ओळीनं बसलेल्या मुली, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एकेक नवाकोरा रबरी हात.

मी हात वर धरला.