मेलेला कीबोर्ड

मॅडमनी माझं मनगट धरलं आणि मला भर वर्गात खुर्चीवरून उठवलं.

"ताई, ही गिरणी नाहीये. मेन स्विचला हात लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

खोलीतले सगळे कॉम्प्युटर बंद पडले होते. बायकांनी सकाळपासून एकेक अक्षर शोधून लिहिलेलं सगळं गेलं होतं. माझ्या पडद्यावरचा बाण अडकला, काही केल्या हलेना, म्हणून मी उठून भिंतीवरचा खटका खाली ओढला होता.

मला तेच शिकवलं होतं. मी वाइंडिंग खात्यातली बाई. सूत गुंडाळायच्या मशीनवर पहिल्या दिवशी जॉबर, आमचा मुकादम, एकच गोष्ट सांगायचा : आधी बटण, मग बोट. काही अडकलं की मशीन बंद, हात त्यानंतर. माझ्या शेजारच्या शेवंताने एकदा घाईत उलटं केलं. तिचं बोट गेलं. असं शिकलेलं अंगातून जात नाही. चूक झाली, सांगायचं होतं. मनगट कशाला धरायचं? माझं मनगट नवऱ्यानेही कधी असं धरलं नव्हतं.

आणि धरणारी कोण, तर आमच्याच मालकाची सून. संपात गिरणीला कुलूप लागलं ते पुन्हा निघालं नाही. माझा नवरा तिथेच कापड विणायच्या साच्यावर होता. संपानंतर घरी बसला, खचला, पिऊ लागला, गेला. आता त्याच गिरणीच्या जुन्या कँटीनमध्ये सूनबाईंनी 'कामगार भगिनींसाठी' फुकट कॉम्प्युटर क्लास काढला होता. सासऱ्याने ताट ओढलं, सून उष्टं वाढत होती.

मग मी गेले कशाला? गरजेपायी. परळच्या एका हॉस्पिटलात मी केसपेपरच्या खिडकीवर होते. तिथे कॉम्प्युटर आले. साहेबांनी सांगून टाकलं, सर्टिफिकेट आणेल ती खिडकीवर, बाकीच्या फरशीवर. संपानंतर मी लोकांच्या फरश्या भरपूर पुसल्या होत्या. खिडकीवरची ती खुर्ची मला सोडायची नव्हती.

म्हणून मान खाली घालून म्हणाले, "चुकलं मॅडम."

दुसऱ्या दिवशी माझी जागा बदललेली. कोपऱ्यातलं टेबल. पडद्यावर रंगीत मासे पोहत होते.

"तुम्ही आधी बोटं बसवा, ताई. अक्षरं नंतर उमटतील," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

मी विश्वास ठेवला. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरं मी त्या क्लाससाठी घरी गिरवली होती. रोज बसायचे. बटणांवर माझं नाव मारायचे. नवऱ्याचं नाव मारायचे. गावाचं नाव मारायचे. मासे पोहत राहायचे. वाटायचं, बोटं अजून बसली नाहीत, म्हणून उमटत नाही. घरी जाऊन पोळपाटावर बोटं नाचवायचे.

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतली सुशीला माझ्याबरोबर क्लासला यायची. मूळची मालवणची, तोंडाने फटकळ. एकदा तिची पिशवी टेबलामागे पडली. ती काढायला वाकली आणि तिथूनच ओरडली, "अगो, ह्येची वायर खंय आसा?"

मी वाकून बघितलं. कीबोर्डची वायर नुसतीच लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

मी ऑफिसच्या दाराशी गेले. विचारायला गेले होते, भांडायला नाही. आतून मॅडमचा आवाज आला. मदतनीस मुलीला सांगत होत्या, "असू दे तिला तिथेच. फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आत गेले नाही. दोघीतिघींसमोर बोलून काय होणार होतं? संप करणारा माणूस एक गोष्ट शिकतो. काम कधी बंद पाडायचं, ते आपण ठरवायचं.

मी रोज येत राहिले. मेलेल्या कीबोर्डवर रोज मालकाचं आडनाव मारत राहिले.

मग पाहुणे आले. सुटाबुटातले देणगीदार, हार, कॅमेरा. मॅडम त्यांना थेट माझ्या टेबलाशी घेऊन आल्या. "या आमच्या गिरणीतल्या जुन्या कामगार. बघा, किती छान शिकल्यात. हसा ताई. कॅमेऱ्याकडे बघा."

मी उठले. मोठ्या पाहुण्यांना माझी खुर्ची दिली. म्हटलं, "साहेब, एवढं माझं नाव लिहून दाखवा."

साहेब हसत बसले. एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. मासे पोहत होते. साहेबांचं हसू आटलं. मी टेबलामागे हात घातला, ती वायर ओढून काढली आणि त्यांच्या सुटाच्या मांडीवर ठेवली.

"इतके दिवस मी ह्याच्यावर शिकतेय."

मॅडम पांढऱ्याफटक. "अहो, त्यांचा काहीतरी गैरसमज..."

मी भिंतीपाशी गेले. "मॅडम, अडकलंय. आधी बटण, मग बोट." आणि खटका खाली ओढला. पडदे गेले, पंखे गेले. त्या जुन्या कँटीनमध्ये, जिथे आम्ही डबे खायचो, सगळे सुटबूटवाले काळोखात उभे. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं.

निघताना कीबोर्ड काखेत मारला. चोरी म्हणा.

सुशीला माझ्यामागून आली, आणखी काही जणी आल्या. बाकीच्या बसून राहिल्या. त्यांना सर्टिफिकेट मिळालं. मला फरशी मिळाली. खिडकीसमोरची फरशी पुसताना मी वर बघायचे आणि दात आवळायचे. संध्याकाळी करी रोडला गणपती मंडळाच्या खोलीत जायचे. वर्गणीच्या पावत्या करायला तिथे एक जुना कॉम्प्युटर आणला होता. त्याच्यावर शिकले. अडकला की बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा शिकले.

आता त्याच खोलीत मी बायकांना शिकवते. धुणंभांडीवाल्या, मासळीवाल्या, माझ्यासारख्या. नवी बाई आली की आधी तिला टेबलामागे वाकायला लावते. म्हणते, तुझी वायर तू जोड. दुसऱ्याने जोडली असेल यावर विसंबू नकोस.

भिंतीवर खिळ्याला तो कीबोर्ड टांगलाय.

गेल्या आठवड्यात मॅडमकडून निरोप आला. गिरणी पडली, तिथे टॉवर उठला. मॅडमना आमच्या वर्गाला नवे कॉम्प्युटर द्यायचेत. त्या स्वतः येणार. फक्त एक फोटो हवा.

सुशीला भडकली. "खेटराने मार तिका. नको म्हणून सांग."

मी होकार कळवलाय. कॉम्प्युटर घेणार. ते मॅडमचे नाहीत. आमच्या गिरणीच्या जमिनीच्या पैशातून आलेत, आमचेच आहेत. त्यांच्या नावाची पाटी लावणार नाही. आभार मानणार नाही. माफी तर नाहीच. फोटो मात्र देणार. मॅडमना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवीन. खिळ्यावरचा कीबोर्ड काढून त्यांच्यापुढे ठेवीन, वायर समोर लोंबती ठेवीन. सगळ्या बायका मागे उभ्या राहतील.

आणि मी म्हणेन, "हसा मॅडम. कॅमेऱ्याकडे बघा."