बेटावरचा वांग्याचा वाफा

अंदमानला फिरायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत खुरपं कशाला? ओझरच्या विमानतळावर तपासणीवाल्या पोरीनं हेच विचारलं. भिकाआप्पा म्हणाला, "बाई, हात रिकामा राहिला की दुखतो." खुरपं तिथंच राहिलं.

आप्पा माझा बांधाला बांध. मखमलाबाद रस्त्याला त्याची वांगी, माझी मेथी-कोथिंबीर. दोघांच्याही बायका गेलेल्या. पुढं त्याच्या पोरानं जमीन बिल्डरला दिली आणि बापाला पाचव्या मजल्यावर नेऊन बसवलं. आप्पा बोलेना, जेवेना. मग पोरगा म्हणाला, दोघं फिरून या. मी चौथी शिकलेला माणूस, पण कुणाच्या खर्चानं कुठं जात नाही. माझं तिकीट मी काढलं.

नील बेटावर सगळे समुद्राकडं धावले. दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. लॉजच्या मागं वांग्याचा वाफा, त्यात आप्पा उकिडवा बसून तण उपटतोय आणि लॉजची मालकीण, एक बंगाली म्हातारी, काठी घेऊन उभी. "चोर! चोर!"

आप्पानं मानही वर केली नाही. "चोर नाय, काकी. आपके बैंगन में लय गवत हाय. शोभता है क्या?"

म्हातारीनं काठी टाकली आणि चहा ठेवला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तेच बेट, तोच लॉज. आप्पा वाफ्यात, मी खुर्चीत. मी चिडायचो, "अरे, एवढ्या लांब आलास, पाय तरी बुडव."

"नाना, समुद्राला माझी गरज नाय. वांग्याला हाय."

गेल्या वर्षी बोटीतून उतरतानाच त्याला धाप लागली. तरी पिशवी माझ्याकडं देऊन तो थेट मागं गेला. वाफा नव्हता. नव्या खोल्या, निळ्या फरशा. म्हातारी खालच्या मानेनं म्हणाली, "मेरा बेटा बनाया, दादा. आपको एसी कमरा देगा."

आप्पा हसला. "तुम्हारा भी हुशार निकला."

सकाळी तो पायरीवर बसलेला. "नाना, घरी जाऊ. थकलो."

मी हट्टी. "चार दिवसांसाठी आलोय, चार दिवस राहायचं."

"तू राहा. मी नुसता बसून काय करू? बसायला तिकडं पाचवा मजला हाय की."

दुपारच्या बोटीनं आम्ही निघालो.

महिन्याभरात आप्पा गेला. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं उतरवला. खाली ठेवायला बघावं तिकडं सिमेंटचे ठोकळे. म्हटलं, थांबा. माझ्या वावरातून दोन घमेली माती आणवली आणि गुडघे टेकून हातानं पसरली.

सोसायटीतला एक जण म्हणाला, "आजोबा, राडा होतोय. हे झाडणार कोण?"

"मी झाडीन," म्हटलं. "आधी त्याला टेकू द्या."