बारा मैलांच्या आत

देवबागला पर्यटकांच्या बोटी सुरू झाल्या की डिझेलचा वास पार आमच्या ओटीपर्यंत येतो. आज तो आला आणि मला हायकोर्टाच्या जिन्यावर माझ्याशेजारी उभे असलेले बाबा आठवले. नवा सदरा घातला होता, तरी अंगाला होडीचा हाच वास येत होता.

केंद्र सरकारने मोठ्या ट्रॉलरना आमच्या किनाऱ्याजवळ मासेमारीची परवानगी दिली होती. गावाच्या वतीने बाबांनी त्या आदेशाला आव्हान दिलं होतं. निकाल लागला आणि वकीलबाई हसत बाहेर आल्या. "बारा सागरी मैलांच्या आतली मासेमारी हा राज्याचा विषय आहे. केंद्राचा आदेश रद्द झाला!"

बाबांनी हात जोडले. "म्हणजे ट्रॉलर आता येवचे नाय?"

बाईंचं हसू ओसरलं. "केंद्राच्या परवानगीने येणार नाहीत. पण उद्या राज्याने परवानगी दिली, तर हा निकाल त्यांना अडवू शकत नाही. अधिकार कोणाचा, एवढंच कोर्टाने ठरवलंय."

तेवढ्यात गावातून फोन आला. बाबांनी तो माझ्या हातात दिला. "तूच सांग गो. माका जमूचा नाय."

"जिंकलो," मी म्हणाले. पलीकडे एकच जल्लोष उठला. तो ऐकवायला मी फोन बाबांच्या कानाशी धरला, तर त्यांनी मान फिरवली.

पुढच्या हंगामात राज्याने तीच परवानगी दिली. जाळी रिकामी येऊ लागली आणि बाबांनी होडी विकली.

त्या दिवशी त्यांनी फोनपासून मान फिरवली, तेव्हा मला वाटलं होतं, प्रवासाने थकलेत. आता कणकवलीच्या कॉलेजात राज्यघटना शिकवताना कळतं, की समुद्र दोन सरकारांपैकी कोणाचा हे त्या दिवशी ठरलं होतं, आणि तो आपला नाही हे बाबांना त्या जिन्यावरच उमगलं होतं.