साऱ्या देशाच्या उन्हाची काळजी

सूर्यावर मनापासून राग धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तळोद्याच्या बाजारात माझ्या वह्यापुस्तकांच्या दुकानाशेजारी बसणारे कापडवाले काका. घराणं राजस्थानातलं, पण काकांचा जन्म इथलाच, त्यामुळे सूर्याला शिव्या ते अस्सल अहिराणीत घालत.

होळी झाली की दुकानातल्या टीव्हीवर फक्त हवामान. गिऱ्हाईक लुगडं मागे आणि काका ओडिशाच्या वादळाबद्दल सांगत. देशाच्या प्रत्येक कोपऱ्यात त्यांचा कुणी भाचा, व्याही नाहीतर दलाल होताच. बिहारात विजा पडल्या की पाटण्याच्या व्यापाऱ्याला फोन, "झाडाखाली उभे राहू नका." त्या बिचाऱ्याच्या बाजारात औषधालाही झाड नव्हतं. नागपूरच्या भाच्याला त्यांनी ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायला लावला, तेव्हापासून ऑफिसात त्याच्याजवळ कुणी बसेना. डोंगरातून आलेल्या एका पावरा आदिवासी बाईला तर त्यांनी दुपारभर दुकानातून हलू दिलं नाही. "बाहेर निंघू नको माय, ऊन भलतं शे!" बाईनं एक रुमाल घेतला आणि गादीवर छान झोप काढून संध्याकाळची जीप पकडली.

सगळ्यात जास्त फोन जायचे जीजीला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला. ती लग्न होऊन राजस्थानात, मूळ गावी गेलेली. गेल्या मे महिन्यात चार दिवस साऱ्या देशावरच आभाळ उलटलं होतं. दिल्लीत लू, बिहारात विजा, विदर्भात डांबर वितळलेलं आणि राजस्थानात धुळीची वादळं. काका तासातासाला जीजीला फोन लावत. शेवटी ती कडाडली, "मला जगू देशील की नाही? आता फोन केलास तर उचलणार नाही!"

काकांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तिच्याच जिल्ह्यात वादळ येत असल्याचं दाखवलं. मी समोर चहा घेत बसलो होतो. काकांचा हात फोनकडे गेला आणि मागे आला.

"लावा की," मी म्हणालो.

"नही. तिले गरज व्हई तं तीच करी."

संध्याकाळी फोन आला तो तिच्या मुलाचा. वादळ दिसताच जीजी गच्चीवर वाळत घातलेले पापड उचलायला गेली. शेजारचा पत्रा उडून डोक्यात बसला. काका तिकडे पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

परत आल्यावर त्यांनी टीव्ही लावलाच नाही. दुकानात वाजणारा फोन एकदा मीच उचलला, तर पाटण्याचा व्यापारी विचारत होता, "शेठजी बरे आहेत ना? फोन नाही आला."

एका दुपारी बाजार ओस पडला होता. काका आपणहून म्हणाले, "मी फोन करता तं ती वाची जाती."

"फोन केला असता तरी ती पापडांसाठी गेलीच असती, काका."

"जाती ना. पन फोन कानले लाईसन मन्हावर चिडत जिनामाच उभी ऱ्हाती. तोवर वारा निंघी जाता."

काका उघड्या ताग्यावरून हात फिरवत राहिले, मग किंचित हसले.

"भलती बोले ती," ते म्हणाले. "एकदा सुरू व्हयनी का थांबेच नही."