माझ्या नावाचं दुसरं खातं

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी गेटवरून फोन आला. आमच्या गेटवरचे काका खेड तालुक्यातले, फोनवर कायम मोठ्यानं बोलणारे. त्या दिवशी मात्र आवाज दाबून म्हणाले, "मॅडम, दोघं आल्यात. बाप-लेक. इंटरव्ह्यूला बोलावलंय म्हन्त्यात. तुमचंच नाव घेत्यात."

मी कुणालाच बोलावलं नव्हतं. बोलावण्याचा मला अधिकारही नाही. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. नव्यानं लागलेल्या मुलामुलींना पहिले काही दिवस शिकवायचं, हे माझं काम. मशीनजवळ कसं उभं राहायचं, मोजमाप कसं घ्यायचं, काय झालं तर कुणाला हाक मारायची. भरती दुसरे लोक बघतात. तरी मी गेटवर गेले, कारण नाव माझं घेतलं होतं.

मुलगी विशीतली होती. इस्त्रीचा ड्रेस, छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल. वडील तिच्या पुढं उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या मोबाइलकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "ह्याच हायत त्या."

मोबाइल त्यांनी माझ्यापुढं धरला. फोटो माझा, नाव माझं, खाली माझेच व्हिडिओ. फक्त हुद्दा वेगळा होता, 'भरती प्रमुख'. मी कधी न लिहिलेला एक निरोप तिथं होता: सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटवर मूळ कागदपत्रांसह हजर राहावं. नोंदणीची रक्कम मिळाल्याबद्दल आभारही मानले होते. बोलावणं सोमवारचं, पण लेकराला इथं सोडायचं तर आधी कंपनी बघून घ्यावी, म्हणून वडील परभणीहून तिला घेऊन तीन दिवस आधीच आले होते.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"मंग फोटो कुनाचा ह्यो?"

"माझा."

"आन् नाव?"

"माझंच. पण हे खातं—"

"मंग कामून खोटं बोलायलाव, बाई?"

तेवढ्यात पहिल्या शिफ्टची माणसं कँटीनकडं निघाली होती. ती थांबून बघायला लागली. वडिलांचा आवाज चढत गेला. मुलगी त्यांची बाही ओढत होती आणि माझ्याकडं बघायचं टाळत होती.

हे खातं म्हणजे काय, ते सांगायला हवं. नोकरी-व्यवसायातल्या लोकांनी एकमेकांशी ओळखी वाढवाव्यात म्हणून एक मोठं संकेतस्थळ आहे. बहुतेक लोक तिथं इंग्रजीत लिहितात, आपल्या बढत्या सांगतात. मी काही वर्षांपूर्वी तिथं मराठीत लिहायला लागले. लातूर, बीड, परभणीकडची मुलं डिप्लोमा करून चाकणला येतात आणि पहिल्याच मुलाखतीत गांगरतात, हे मी रोज बघत होते. म्हणून साध्या गोष्टी लिहायचे. नेमणूकपत्रात काय वाचायचं, माहीत नसलेलं 'माहीत नाही' असं कसं सांगायचं, बूट कसले घालायचे. मुलं वाचू लागली. मग एक दिवस त्या संकेतस्थळाकडूनच पत्र आलं, की निवडक लिहिणाऱ्यांच्या गटात तुम्हाला घेतलंय. बंगळूरहून एक मुलगी फोन करू लागली, आमच्या गटाची देखरेख तिच्याकडं होती. कुरियरनं टी-शर्ट आला, पाण्याची बाटली आली. महिन्यातून एकदा ती आम्हा सगळ्यांना ऑनलाइन भेटायची आणि कसं लिहिलं की जास्त लोकांपर्यंत जातं ते सांगायची. पैसे नव्हते, आणि मी मागितलेही नाहीत. आपल्या मागं कुणीतरी आहे, एवढंच मला पुरेसं वाटायचं.

व्हिडिओ करायला तिनंच सांगितलं होतं. "मॅडम, चेहरा दिसू द्या. लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात." मग सांगवीतल्या आमच्या बाल्कनीत मी उभी राहायचे आणि नवरा मोबाइल धरायचा. तिचं म्हणणं खरं निघालं. लोकांनी चेहऱ्यावर विश्वास ठेवला.

गेटवरचा गोंधळ ऐकून आमचे एचआरचे साहेब खाली आले. त्यांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये नेलं. मुलीला पाणी दिलं आणि विचारलं, "सोमवारी अजून कोण कोण येणार आहे?"

मुलगी पहिल्यांदा बोलली. "सर, व्हॉट्सॲपला ग्रुप आहे. खूप जण आहेत. नांदेडचे, जालन्याचे, बुलढाण्याचे पण."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाप-लेक बाहेर जाऊन बसल्यावर मला म्हणाले, "मॅडम, सोमवारी गेटवर गर्दी झाली तर वर उत्तर मला द्यावं लागेल. तोपर्यंत तुमचं ते लिखाण थांबवा."

"मी थांबले तर त्या नावानं फक्त खोटंच उरेल, सर."

मी निघताना मुलीला माझा नंबर दिला. वडिलांनी तो तिच्या हातातून घेऊन खिशात घातला.

केबिनमधूनच मी खोट्या खात्याविरुद्ध तक्रार केली होती. उत्तर इतक्या लवकर आलं की माणसानं ते वाचणं शक्यच नव्हतं: आम्ही तपासलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. मग मी माझ्या स्वतःच्या खात्यावर इशारा लिहिला, की माझ्या नावानं कुणी नोकरी देत असेल तर ती मी नव्हे, सोमवारी येऊ नका. कंपनीची बस मोशीच्या चौकात अडकली होती, तेव्हा पुन्हा मोबाइल उघडला. माझं खातं बंद झालेलं होतं. एकाच व्यक्तीची दोन खाती दिसत आहेत, ओळख पटवून द्या, असं लिहून आलं होतं.

बसमध्येच आधार कार्डाचा फोटो पाठवला. आधारवर लग्नानंतरचं नाव आहे. मी लिहिते माहेरच्या नावानं, शिकत होते तेव्हापासून. घरी पोचेपर्यंत उत्तर आलं: नाव जुळत नाही, ओळख पटवता आली नाही.

नवऱ्यानं त्याच्या मोबाइलवर बघितलं. मी नव्हते. माझं नाव शोधलं की आता एकच बाई दिसत होती, ती दुसरी. तिनं तासाभरापूर्वी लिहिलं होतं, की सोमवारी थेट मुलाखती आहेत, गरजूंनी वेळेवर यावं. खाली लोकांनी हात जोडले होते. 'मॅडम, देव तुमचं भलं करो.'

"अगं, तुझी ती बंगळूरची मुलगी आहे ना? तिला फोन कर," नवरा म्हणाला.

तिचा कंपनीचा नंबर बंद लागला. मेल केली तर ती परत आली.

शनिवारी सकाळी आम्ही पोलिसांकडं गेलो. तक्रार नोंदवून घेणाऱ्या हवालदारांनी सगळं नीट ऐकलं. सोमवारी गेटवर माणूस पाठवतो म्हणाले. "पण ताई, तिकडून एसटीत बसलेल्यांना आम्ही कुठं थांबवणार? त्यांना जमेल तेवढं तुम्हीच कळवा."

कशावरून कळवणार? माझ्याकडं खातंच नव्हतं. आमच्या गटातले एक गृहस्थ तळेगावला राहतात. मशीनच्या देखभालीवर लिहितात. त्यांना फोन केला. त्यांच्याकडं बंगळूरच्या मुलीचा घरचा नंबर निघाला. तिनं लगेच उचलला. ती हिंदीतून बोलते, पण तिचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"मॅडम, मी आता तिथं नाही. आमची सगळी टीमच बंद केली."

"मग आमच्याकडं कोण बघतं?"

ती मग म्हणाली, "खरं सांगू? मी होते तेव्हाही खाती बंद-चालू करणाऱ्यांपर्यंत माझी पोच नव्हती. तुम्ही जो फॉर्म भरता, तोच मीही भरायचे. तुम्हाला सांगायचे, वर कळवलंय. वर कोण असतं, ते मलाही माहीत नव्हतं."

मला तिचा राग आला. दोन वर्षं मी हिच्या शब्दावर विसंबले होते. पण राग काढणार कसा? ती स्वतःच त्या संकेतस्थळावर नोकरी शोधत होती. आपल्या जुन्या कंपनीविषयी तिथंच काही वावगं लिहिलं तर तिचंच नुकसान. तरी दुपारी तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं, की या बाईंना मी ओळखते, हे खातं त्यांचं नाही. तळेगावच्या गृहस्थांनी मराठीत लिहिलं. गटातल्या बाकीच्यांनीही लिहिलं. ज्यांच्याशी मी महिन्यातून एकदा पडद्यावर हात हलवायचे, ती माणसं दिवसभर हेच करत होती.

रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. ती परभणीची मुलगी होती. भोसरीला चुलत्याच्या खोलीवर उतरली होती. आमच्या गटातल्यांनी लिहिलेलं वाचून तिनं वडिलांकडून माझा नंबर मागून घेतला होता. "मॅडम, त्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर दिसतात. एकेकाला फोन करता येईल. मी येऊ का?"

ती आली, वडीलही आले. वडील सोफ्याच्या कडेवर बसले, चहाला हात लावला नाही. ते मुलीसोबत आले होते, माझ्याकडं नव्हे, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

पहिले फोन मी केले. नाव सांगितलं की पलीकडचा मुलगा आधी आदबीनं बोलायचा आणि मी 'येऊ नका' म्हटलं की बिथरायचा. एकानं विचारलं, "तुम्ही खऱ्या कशावरून?" मी बाल्कनीच्या दारात उभी होते, माझ्याच घरात.

मुलीनं माझ्या हातून फोन घेतला. "दादा, मी परभणीची आहे. मी पण फॉर्म भरलाय. शुक्रवारी मी गेटवर जाऊन आले. तिथं कसलाच इंटरव्ह्यू नाही. तिकीट काढलं असेल तर रद्द कर." तिचं ऐकलं. मग तीच बोलत राहिली आणि मी पुढचा नंबर लावून देत राहिले. कुणी रडलं, कुणी फोन कापला. कुणी कालच आमच्या गटातल्यांचा इशारा वाचून निघणं रद्द केलं होतं. एक जण म्हणाला, मी तर निघालोय, आता शेगावच्या पुढं आहे.

दुपारी तिच्याच फोनवर फोन आला. तिनं स्पीकर लावला. पुरुषाचा आवाज होता, अगदी शांत. "मॅडमच्या ऑफिसमधून बोलतोय. तू लोकांना उलटसुलट सांगतेयस असं कळलं. तुझी सगळी कागदपत्रं आमच्याकडं आहेत, लक्षात ठेव. मॅडम फार चिडल्यात."

मुलीचा चेहरा उतरला. मी पुढं होणार, तोच वडील उठले. त्यांनी फोन घेतला, तोंडाजवळ धरला.

"मॅडम चिडल्यात व्हय? त्या बाई माझ्या म्होरं बसल्यात. तू कोन हाईस रं?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही. वडिलांनी तो मुलीच्या हातात दिला. मग माझ्याकडं न बघता मुलीला म्हणाले, "लाव, दुसरा नंबर लाव."

सोमवारी सहाच्या आत मी गेटवर होते. हवालदार आले होते. तरी सातआठ जण आलेच. पाठीवर बॅगा, हातात फाइली. एकेकाला मी सांगत होते. एका मुलानं मोबाइल काढून माझं चित्रीकरण सुरू केलं. "हीच ती! हिनंच पैसे घेतले!" बाकीचे माझ्याभोवती जमले. मागं गेटचं लोखंड पाठीला लागलं, तेव्हा आपण मागं सरत होतो हे लक्षात आलं.

साहेबांची गाडी तेवढ्यात आली. ते उतरले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "भरती मी बघतो," ते मोठ्यानं म्हणाले. "ह्या मॅडमनी कुणालाही बोलावलेलं नाही. तुमची फसवणूक झालीय, आणि त्यांचीही. आधी आत चला, चहा-नाश्ता करा. मग पोलिसांना एकेकानं सांगा." त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगावं, अशी मी अपेक्षा केली नव्हती. शुक्रवारच्या बोलण्यानंतर तर मुळीच नाही. त्या मुलानं चित्रीकरण थांबवलं, पण तो आत आला नाही. समोरच्या रस्त्यानं चालत चाकणच्या तळेगाव चौकाकडं गेला.

खोटं खातं त्याच आठवड्यात नाहीसं झालं. कुणी काढलं, का काढलं, काही कळवलं नाही. माझं खातं परत मिळायला महिन्याहून जास्त वेळ लागला. लग्नाचा दाखलाही पाठवावा लागला. संयमाबद्दल धन्यवाद, एवढंच उत्तर होतं. फोनवरच्या त्या शांत आवाजाचा माणूस अजून सापडलेला नाही. बंगळूरच्या मुलीला दुसरीकडं काम लागलं. परभणीच्या मुलीनं पुढं स्वतःच अर्ज करून तळेगावच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा मिळवली. तिथं मी काहीच केलं नाही, करू शकतही नव्हते.

त्याआधी बाप-लेक परभणीला परत जाणार होती तेव्हा मी त्यांना सोडायला वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर गेले होते. गाडी लागल्यावर वडील म्हणाले, "बाई, लिवायचं ते लिवा. तोंड तेवढं दावू नका."

मी परत लिहू लागले. व्हिडिओ करत नाही. प्रत्येक लेखाची पहिली ओळ एकच असते: मी कुणालाही नोकरी देत नाही आणि कुणाकडून काही मागत नाही. वाचणारे निम्म्याहून कमी झालेत. मध्यंतरी त्या संकेतस्थळाच्या नव्या माणसाचा निरोप आला, की तुमचे लेख पूर्वीसारखे पसरत नाहीत, सुरुवात अधिक आकर्षक केली तर बरं, पहिली ओळ काढून बघा. मी त्याला सगळी हकीकत लिहून पाठवली. उत्तरादाखल त्यानं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मी ओळ काढली नाही.