एका मोबाईलवर दोन माणसं

धर्मापुरीच्या अंजनाचा पाय उसाच्या ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरला, तेव्हा तिच्या डोक्यावर मोळी होती. मोळी एकीकडं पडली आणि अंजना पाठीवर आदळली. जीव वाचला, पण डॉक्टरांनी बजावलं, इथून पुढं डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई घरी बसली की कोयता अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला कुठला मुकादम टोळीत घेणार?

साल दुष्काळाचं. माळावर मेंढरांना तोंड लावायला काडी उरली नव्हती, गावात टँकर येईल तेव्हा पाणी. अंजनाचा नवरा गहिनीनाथ डोकं धरून बसला होता. त्याची आई ताराबाई चुलीपुढून उठली नि म्हणाली, "मी येते तुझ्यासंगं. कोयता काय मला नवा हाय?"

"आत्या, ह्या वयात?" अंजना सासूला म्हणाली.

"मग काय करू, घरी बसून मेंढरं मरताना बघू? तू बारावी शिकलीस. बसून करायचं काम बघ कायतरी."

बसून करायचं काम सिरसाळ्यात मिळालं. बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर ऊसतोड कामगारांच्या युनियनची कचेरी होती, तिथं अंजना पत्रं लिहायला लागली. युनियनचे म्होरके आप्पा. त्यांची उभी हयात मोर्च्यात गेलेली, आवाज असा की माईक बंद पडला तरी सभा अडू नये. पण सहकारी कारखान्यांच्या बैठकीत हल्ली त्यांची कोंडी व्हायची. संचालक शांतपणे म्हणायचे, "आप्पा, हाल हाल म्हणता, पुरावा दाखवा." म्हणून त्या हंगामात कार्यकर्ते ऊसतोड्यांच्या तळातळावर जाऊन प्रश्न विचारत होते आणि उत्तरं मोबाईलवर भरून पाठवत होते. उत्तरांचा ढीग साचला. त्यातून अर्थ कसा काढायचा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

परळीत कॉम्प्युटरचे क्लास घेणारे सुग्रीव सर आप्पांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "बाहेरचा माणूस आणू नका. तुमच्यातलंच कुणी कोडिंग शिकलं तर काम कायमचं हातात राहील. मी शिकवतो."

आप्पांनी अंजनाकडं पाहिलं. "शिकतीस का, पोरी?"

"कळंल का मला, आप्पा?"

"मला तर न्हाई कळायचं. तू बघ."

सुरुवातीला ती रडकुंडीला आली. मशीनला इंग्रजीत एकेक हुकूम लिहून द्यायचा, आणि त्यात एक कंस राहिला तरी मशीन अडून बसायचं, पडद्यावर लाल अक्षरं ओकायचं. लाल दिसलं की ती सगळं पुसून पहिल्यापासून लिहायची. सर म्हणाले, "घाबरू नका ताई. सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. काय चुकलं ते तिथंच लिहिलेलं असतं." मग तिनं ती सवयच लावून घेतली. बसून पाठ भरून यायची, म्हणून टेबलावर बियाण्याचं रिकामं खोकं मांडून त्यावर जुना लॅपटॉप ठेवायची आणि उभ्यानं लिहायची.

एकदा सर लूप शिकवत होते. एकच काम प्रत्येक नोंदीवर पुन्हा पुन्हा करायचं, असं सांगत होते.

"म्हंजी मेंढरं सोडताना दारात उभं राहून एकेकीचा पाय बघतो, तसं?" अंजनानं विचारलं. "लंगडी असली तर बाजूला, न्हाईतर जाऊ द्यायची."

"अगदी तसंच. आणि 'लंगडी असली तर' म्हणालात ना, त्यालाच इफ म्हणतात."

त्या दिवसापासून ते इंग्रजी शब्द तिला परके वाटेनासे झाले.

मधल्या काळात ती स्वतःही एका तळावर जाऊन आली, कृष्णाकाठच्या कारखान्यावर. गहिनीनाथ आणि आत्या तिथंच होते. टोळीतल्या सगळ्यांना विचारलं तसंच तिनं आत्यालाही विचारलं, पाण्याचं कसं काय?

"हाय की पानी, वढ्याच्या पल्याड. उसातनं आलं की पयला हंडा उचलायचा. मानंचा काटा ढिला झाला बघ माझा." अंजनानं ते उत्तर स्वतःच्या बोटांनी भरलं.

हंगाम सरता सरता तिचा प्रोग्राम पहिल्यांदा सुरळीत चालला. आप्पांनी पेढे वाटले. निष्कर्ष असा निघाला की बहुतेक तळांवर पाणी जवळ आहे. आप्पांना नवल वाटलं, पण मशीन कशाला खोटं बोलेल? चौसाळ्याच्या सभेत त्यांनी जाहीर करून टाकलं, "पाण्याची मागणी यंदा मागं ठेवू. आता जोर तोडणीच्या दरावर."

अंजना तोडीवरून लवकर परतलेल्या बायकांत बसली होती. शेजारची छबुबाई पदरात तोंड घालून हसली. "आप्पाला पानी कोन आनून देतं गं घरात?"

ते हसणं अंजनाला सुईसारखं टोचलं. कचेरीत येऊन तिनं पहिलं काम केलं ते आत्याचं उत्तर शोधण्याचं. ते नव्हतंच. गहिनीनाथचं होतं, 'पाणी जवळ आहे' असं. मूळ नोंदीत आत्या होती, मोजणीत नव्हती. तिनं प्रोग्राम वरपासून एकेक ओळ वाचत आणला आणि एका ओळीशी येऊन ती थांबली. कार्यकर्ते कधी कधी एकाच माणसाला दोनदा भरायचे, म्हणून दुबार नोंदी काढून टाकायचा हुकूम तिनं दिला होता. ओळखायला खूण धरली होती मोबाईल नंबर. पण कोपीत, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, मोबाईल एकच, नवऱ्याचा नाहीतर पोराचा. कार्यकर्ते आधी पुरुषाला विचारायचे, मग बाईला. मशीननं पहिली नोंद ठेवली आणि दुसरी टाकली. जवळजवळ सगळ्या बाया तिच्याच हातानं पुसल्या गेल्या होत्या.

आप्पा ऐकून भडकले. "भर सभेत बोलून बसलो मी! आता शब्द मागं घेऊ?"

"चूक माझी हाय आप्पा. पर शब्द तुमालाच मागं घ्यावा लागंल. बाया हंडे घेऊन तंगडतोड करत्यात आन् आपण पानी जवळ हाय म्हनतो."

"दाखव मला," आप्पा खुर्ची ओढत म्हणाले.

तिनं खूण बदलली, नंबरासोबत नाव आणि बाई की पुरुष तेही धरलं, आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. बाया परत आल्या, आणि पाण्याचं उत्तर पार उलटं झालं. आप्पांनी पडद्यावरची बायांची नावं वाचली. मग हळूच म्हणाले, "आपली सभासदाची पावतीबी कोयत्याला एकच असती की गं. नवऱ्याच्या नावाची."

"व्हय."

"इतकी सालं कुनाच्या ध्यानात कसं न्हाई आलं?"

 अंजनालाही ते आजच दिसलं होतं.

पुढच्या सभेत आप्पांनी आधी स्वतःची चूक सांगितली, मग पाण्याची मागणी सगळ्यात वर घेतली. कारखान्यांच्या बैठकीला ते अंजनाला सोबत घेऊन गेले. एका संचालकानं विचारलं, "मागच्या महिन्यात तर आप्पा वेगळंच म्हणाले होते?" अंजनानं सगळं सरळ सांगितलं: काय चुकलं, कसं सापडलं, कसं दुरुस्त केलं. खोलीत कुजबुज झाली. दोन कारखान्यांनी पुढच्या हंगामापासून तळावर रोज टँकर आणि नळाची टाकी द्यायचं कबूल केलं. बाकीच्यांनी विचार करू म्हणून हात झटकले. सगळं मिळालं नाही.

गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या माघारी आल्या, तेव्हा युनियननं बायांच्या नावाची वेगळी कार्डं काढली. ताराबाईनं आपलं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "माझंच नाव हाय का ह्यावर? वाच बरं."

अंजनानं वाचून दाखवलं. म्हातारीनं कार्ड कमरेच्या पिशवीत खोचलं आणि मेंढरांकडं निघून गेली.

आता अंजनानं रस्त्यावरच्या अपघातांचा प्रश्न हाती घेतलाय. माणसांनी भरलेले ट्रॅक्टर कुठं उलटतात, ते नकाशावर मांडायचंय तिला. नकाशाचा प्रोग्राम अजून जमत नाही, रोज लाल अक्षरं येतात. ती खालची ओळ आधी वाचते आणि पुन्हा लिहायला घेते.