बेबीबाईचं अर्धं वाक्य

लाखनीत महामार्गालगत टेकचंदचं केबलचं ऑफिस होतं, दोन खोल्यांचं. सानगडीची रक्षा भेंडारकर बारावीनंतर तिथे लागली ती तक्रारी लिहून घ्यायला. कोणत्या मोहल्ल्यात चित्र दिसत नाही, कोणाची वायर माकडांनी तोडली, एवढंच तिचं काम. पुढे टेकचंदनं तिच्या हातात माइक दिला आणि ती गावच्या सूचना वाचू लागली.

एकदा गणेशोत्सवात मंडळाचे अध्यक्ष मुलाखतीला आलेच नाहीत. कॅमेरा लावलेला, खुर्ची रिकामी. तेवढ्यात सत्यभामाबाई नावाची म्हातारी टीव्ही बंद असल्याची तक्रार घेऊन आली. रक्षानं तिलाच खुर्चीवर बसवलं. म्हातारी तीस वर्षं दाईचं काम केलेली. रक्षा एक प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. तिचं ते गप्प बसणंच असं होतं की समोरचं माणूस आपोआप बोलत जाई. वीस मिनिटांचा कार्यक्रम सव्वा तास चालला.

तिथून ‘बसा घडीभर’ सुरू झालं आणि सहा वर्षं चाललं. गवंडी आले, बँडवाले आले, नाटकात बायकांची कामं करणारा एक म्हातारा आला. टेकचंदचा माइक मध्येच मरायचा, म्हणून रक्षा आपला मोबाइलही टेबलावर चालू करून ठेवायची. ती सवय तिला लागली ती लागलीच.

मग नागपूरच्या एका मोठ्या चॅनेलनं तिला बोलावलं. तिथले कार्यक्रमप्रमुख वीरेंद्र सर म्हणाले, “तुमचं ते मले-तुले अजिबात सोडू नका. तेच विकतं.” विकतं हा शब्द तिला खटकला. पण आठवड्यातून एकदा अर्धा तास, सगळा विदर्भ पाहणार, म्हणून तिनं तो गिळला. दोन वर्षं सगळं ठीक चाललं.

पुढे धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला बेबीबाईकडे गेली. बेबीबाईचा एकुलता मुलगा अमर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. सून रुपा तेव्हा तेवीस वर्षांची. भावकीचा विरोध असताना बेबीबाईनं स्वतः चार गावं हिंडून रुपासाठी मुलगा पाहिला आणि तिचं लग्न लावून दिलं. घरापुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत बसून हे सांगताना ती म्हणाली, “मीच तिले ह्या घरातून काढून देलं. नवीन लुगडं नेसवून, ओटी भरून, पोटच्या पोरीवानी. अन् मंग आठ दिवस जेवली नाही मी.”

रक्षानं नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. तिचेच डोळे भरले होते.

गुरुवारी ती सानगडीला घरी जेवत असताना भावानं मोबाइल तिच्यासमोर धरला. चॅनेलनं रविवारच्या भागाची जाहिरात सोडली होती. काळा पडदा, धडधडणारं संगीत, लाल अक्षरं: ‘सुनेला घराबाहेर काढणारी सासू!’ मग बेबीबाईचा चेहरा: “मीच तिले ह्या घरातून काढून देलं.” तिथेच तोडलेलं. त्यानंतर तोंडावर हात ठेवलेली, डोळे विस्फारलेली रक्षा.

तो हात तिनं तोंडावर ठेवला होता ते बेबीबाईची कोंबडी कॅमेरावाल्याच्या खांद्यावर उडाली तेव्हा, हसू दाबायला.

संध्याकाळपर्यंत चार लाख लोकांनी ते पाहिलं. खाली लोकांनी बेबीबाईला घातलेल्या शिव्या रक्षानं शेवटपर्यंत वाचल्या. रुपाचा फोन आला. ती रडत नव्हती, तेच जास्त लागलं. “ताई, इथले शेजारी मले विचारून राहिले का सासूनं मारलं काय म्हणून. तुमी तं मायच्या समोरच बसल्या होत्या ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच रक्षा नागपुरात वीरेंद्र सरांच्या टेबलासमोर उभी होती.

“पूर्ण भाग रविवारी येतोच आहे,” ते शांतपणे म्हणाले. “त्यात सगळं आहे. लोकांना ओढायला काहीतरी लागतं.”

“सर, तिनं केलं त्याच्या एकदम उलटं दाखवलं तुमी.”

“शब्द तिचेच आहेत.”

“अन् मी? मी कोंबडीले पाहून हात ठेवला होता तोंडावर.”

“चेहरा तर तुमचाच आहे ना?”

ह्या वाक्यानं तिच्या डोक्यात जो जाळ पेटला तो पुढे विझला नाही. आपलं गप्प बसणं पाहून लोक मन मोकळं करतात आणि ही माणसं त्यातला हवा तो तुकडा कापतात. म्हणजे दोन वर्षं आपण ह्यांच्यासाठी दाणे टाकून पाखरं आणत होतो. तिनं तिथेच कागद मागून राजीनामा लिहिला.

रविवारचा भाग तिनं घरी बसून पाहिला. पूर्ण वाक्य होतं, बावीस मिनिटांनी, तीन वेळा जाहिराती झाल्यावर. नेटवर तो भाग पाहणारे जेमतेम अकरा हजार.

सोमवारी ती कोंढ्याला गेली. बेबीबाई धानाच्या बांधीत वाकून पऱ्हे, म्हणजे रोपं लावत होती. सोबतच्या बाया बोलायच्या थांबल्या. रक्षा शेताच्या धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, “मावशी, माफ करा.”

बेबीबाईनं कंबर सरळ केली नाही. “टीव्हीवाल्याईले मी ओळखत नाही. तू विचारलं म्हणून सांगतलं. आता माफी मांगून का होते? ते काढ.”

“माया हातात नाही ते, मावशी. पण तुमी बोलल्या ते सगळं मायाजवळ आहे, मोबाइलात.”

दुपारी बाया जेवायला बसल्यावर तिनं पूर्ण बावन्न मिनिटं ऐकवली. शेवटी बेबीबाई म्हणाली, “धाकल्या दिराचं जे बोलली मी, तेवढं काढ. बाकी आयकू दे लोकाईले.”

टेकचंद आधी कचरला. “मी त्याईचाच चॅनेल दाखवतो रक्षा, भांडण कसं करू?” रक्षानं त्याला समजावलं नाही, फक्त चार लाख लोकांनी पाहिलेली ती जाहिरात पुन्हा दाखवली. टेकचंदनं ती दोनदा पाहिली आणि कॅमेरा लावला. रक्षा कॅमेऱ्यासमोर बसली, कोंबडीचं सांगितलं, वाक्य कुठे तोडलं ते सांगितलं आणि आवाज लावून दिला. तीन दिवस तो भाग केबलवर फिरत राहिला. रुपाच्या नवऱ्यानं तो मागवून घेतला आणि आपल्या मोहल्ल्यात ट्रॅक्टरवरच्या स्पीकरला लावला.

चॅनेलची नोटीस आली. मुलाखत आमच्या मालकीची, असं तिच्यात लिहिलेलं. बेबीबाईच्या बोलण्याची मालकी. ही ओळ रक्षा येईल त्याला वाचून दाखवायची आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज चढायचा. तिनं उत्तर धाडलं, त्यावर पुढे काही आलं नाही. महिन्याभरानं जाहिरात गुपचूप उतरली. दिलगिरीचा एक शब्द नाही. लोकांच्या मोबाइलमधला तुकडा मात्र अजून फिरतो.

‘बसा घडीभर’ आता पुन्हा लाखनीतून चालतं. पाहुण्यानं आधी सगळं ऐकून हो म्हटल्याशिवाय रक्षा ते दाखवत नाही. बेबीबाई तिच्याशी बोलते, पण मोजकंच. दारी गेली तर चहा देते. सपरीत बस म्हणत नाही. रक्षा त्याबद्दल तक्रार करत नाही.

गेल्या दिवाळीनंतर वीरेंद्र सरांचा फोन आला. नवीन कार्यक्रम आहे, झालं गेलं विसरा, म्हणाले.

“येते,” रक्षा म्हणाली. “आधी तुमी कोंढ्याले चला. बेबीबाईच्या दारात उभे राहून सांगा, आमचं चुकलं म्हणून.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “ह्या महिन्यात जमणार नाही, शूटिंग आहेत.”

“मंग मलेही जमणार नाही,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. संताप तिच्या अंगात तसाच होता. आतल्या खोलीत वीटभट्टीवरची एक बाई कधीची वाट पाहत बसली होती. रक्षा पाणी प्यायली आणि तिच्यासमोर जाऊन बसली.